मेमी आयझेनहॉवर : सैनिकपत्नी, आजी आणि श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री म्हणून त्यांच्याविषयी काय सांगावे?

मृणालिनी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनमंडळाने यंदा सैनिकांच्या कुटुंबीयांवर एक छोटी व्याख्यानमाला ठरवली आहे आणि तीत मेमी आयझेनहॉवर यांच्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती असलेल्या आणि पुढे १९५३ ते १९६१ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या त्या पत्नी, एवढी ओळख श्रोत्यांना असेल असे मी धरून चालते. अडचण त्यापुढची आहे. मी वाचलेल्या बहुतेक लेखांत पतिनिष्ठ सैनिकपत्नी, प्रेमळ आजी आणि श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री ही तीन विशेषणे एका दमात लावून विषय मिटवलेला आहे, आणि उरलेली जागा त्यांच्या गुलाबी रंगाच्या आवडीने व कपाळावर कापलेल्या केसांच्या झालरीने भरून काढलेली आहे.

त्यांचा जन्म आयोवा राज्यातील बून या गावी १४ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला, डेन्व्हरमधील सुखवस्तू घरात त्या वाढल्या, १ जुलै १९१६ रोजी विवाह झाला, दोन मुलग्यांपैकी थोरला लहानपणीच गेला आणि १ नोव्हेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले, इतका सांगाडा माझ्या हाती आहे. त्यावर मांस चढवायचे तर पतीच्या बदल्यांमागे जाण्यापलीकडे या बाईंनी स्वतः काय केले, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, चर्चशी त्यांचे नाते मनापासूनचे होते, की पन्नासच्या दशकातील अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने दर रविवारी उपासनेला दिसणे अपेक्षितच होते म्हणून? आमच्या श्रोत्यांत निवृत्त सैनिकांची बरीच कुटुंबे असतात, त्यामुळे गोड गोड बोलून वेळ निभावता येणार नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.


छावणीकर

मृणालिनीताई, माझे यजमान लष्करातून निवृत्त झालेले आहेत आणि आमचा संसार पठाणकोटपासून सिकंदराबादपर्यंत, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेल्या काळ्या ट्रंकांमधून फिरलेला आहे. त्यामुळे आधी एक तक्रार नोंदवते. "बदल्यांमागे जाण्यापलीकडे काय केले" असे विचारताना बदल्यांमागे जाणे ही करण्यासारखी काही गोष्टच नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे. मेमी यांनी पतीच्या नोकरीत तीसच्या आसपास घरे मांडली आणि मोडली. दर वेळी पडदे नव्या खिडक्यांच्या मापाचे करायचे, शेजारणींची नावे नव्याने पाठ करायची आणि ज्या वरिष्ठांच्या शेऱ्यावर नवऱ्याची बढती अवलंबून असते त्यांच्या घरी पहिल्याच आठवड्यात हसतमुखाने जायचे, हे काम ज्यांनी केले आहे त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तुमच्या श्रोत्यांतील बायकांनाही लागणार नाही.

आता त्यांच्याविषयी. वडील जॉन डाउड यांनी मांसप्रक्रियेच्या धंद्यात पैसा कमावून अगदी तरुण वयातच निवृत्ती घेतली होती. घरी चार मुली, नोकरचाकर, आणि हिवाळ्यात टेक्सासमधील सॅन अँटोनियोला मुक्काम असा थाट होता. तिथेच १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये फोर्ट सॅम ह्यूस्टन या छावणीत अठरा वर्षांच्या मेमी यांची नुकत्याच वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेल्या लेफ्टनंट आयझेनहॉवर यांच्याशी भेट झाली आणि नऊ महिन्यांच्या आत लग्न झाले. छावणीत मिळालेल्या लहानशा क्वार्टरमध्ये त्या आल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक जवळजवळ येत नव्हता. तो आइक यांना (ड्वाइट यांचे लाडके नाव) येत होता आणि आयुष्यभर त्यांच्याच आवडीचा राहिला. मेमी यांच्याकडे वेगळा गुण होता. त्या कानाने ऐकून पियानो वाजवत, माणसे जमवत, आणि आलेल्या तरुण अधिकाऱ्याला परके वाटू देत नसत. त्या क्वार्टरला मित्रमंडळी 'क्लब आयझेनहॉवर' म्हणू लागली आणि पुढे बदली होईल तिथे हा क्लब त्यांच्याबरोबर गेला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आइक यांनी त्यांना सांगितले की देशाची सेवा आधी येते आणि तुझा क्रमांक त्यानंतरचा आहे. ही आठवण मेमी यांनीच पुढे अनेकदा सांगितली आणि तीत तक्रारीचा सूर नसे. मला मात्र ती प्रत्येक वेळी थोडी टोचते.

थोरला मुलगा डाउड ड्वाइट, लाडाने 'इकी', २४ सप्टेंबर १९१७ रोजी जन्मला. मेरीलँडमधील कॅम्प मीड येथे असताना घरकामाला ठेवलेल्या मुलीकडून त्याला स्कार्लेट फीव्हर या संसर्गजन्य तापाची लागण झाली असे मानले जाते. ती मुलगी त्या आजारातून नुकतीच उठली होती आणि हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. विलगीकरणामुळे वडिलांना मुलाला खिडकीच्या काचेतून पाहावे लागे. २ जानेवारी १९२१ रोजी तो गेला, तेव्हा त्याला चौथे वर्ष लागलेले होते. त्यानंतर आइक दर वर्षी इकीच्या वाढदिवसाला मेमी यांना फुले पाठवत राहिले.

तुमच्या व्याख्यानाचा गाभा मात्र मी पनामाला ठेवेन. १९२२ मध्ये आइक यांची बदली पनामा कालव्याकाठच्या कॅम्प गेलार्डला झाली. घर जुने आणि गळके होते, संध्याकाळी आत वटवाघळे शिरत, आणि ढेकूण अंथरुणावर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय रॉकेल भरलेल्या डब्यांत ठेवावे लागत. दुसऱ्या मुलाच्या, म्हणजे जॉनच्या, जन्मासाठी मेमी डेन्व्हरला गेल्या आणि ३ ऑगस्ट १९२२ रोजी झालेल्या त्या बाळाला घेऊन परत आल्या. पण इकी गेल्यापासून नवराबायकोंत जे अंतर पडले होते ते इथे वाढले. आइक जनरल फॉक्स कॉनर यांच्या हाताखाली युद्धशास्त्राच्या अभ्यासात बुडाले होते. मेमी यांची झोप उडाली, प्रकृती ढासळली आणि एके दिवशी बाळाला घेऊन त्या माहेरी निघून गेल्या. तिथे पैसा होता, आधार होता, कोणी त्यांना परत जा म्हणून ढकलले असते असेही नाही. विचार करून त्या पनामाला परतल्या आणि मग आइक जाईपर्यंतची पंचेचाळीसएक वर्षे त्यांनी तो निर्णय निभावला. जिला घर सोडता येत होते आणि जिने ते एकदा सोडूनही पाहिले होते, तिची निष्ठा मला नुसत्या सवयीची वाटत नाही.

याचे फळ काय मिळाले असे कोणी विचारले तर हेही सांगा की आइक १९२० पासून १९३६ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, मेजरच्याच हुद्द्यावर होते. नवरा पुढे सेनापती होणार आहे हे माहीत असताना वाट पाहणे सोपे असते. मेमी यांना ते माहीत नव्हते.


शंकेखोर

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, तरी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मेमी यांना माहेरहून दरमहा पैसे येत असत, त्यांच्या घरी कामाला माणसे असत आणि अधिकाऱ्याची पत्नी म्हणून छावणीत त्यांना मान होता. त्याच पनामात साध्या शिपायाची बायको कशा अवस्थेत राहत असेल याचा विचार केला तर रॉकेलच्या डब्यांचे फारसे काही वाटणार नाही. शिवाय आपल्या आयुष्यात एकच करिअर होते आणि त्याचे नाव आइक, अशा अर्थाचे त्या अभिमानाने म्हणत. आइक देश चालवतात आणि आपण चुलीवरचे चॉप्स परततो, हेही त्यांचेच. अशा स्त्रीला आजच्या मुलींपुढे आदर्श म्हणून ठेवण्याआधी वक्त्याने जरा थांबावे.


छावणीकर

शंकेखोर, आदर्श म्हणून ठेवा असे मी कुठे म्हटले? त्या काय होत्या ते नीट सांगा, एवढेच माझे म्हणणे आहे. पैशाविषयी तुमचे खरे आहे आणि मृणालिनीताईंनी ते लपवू नये. अधिकारी आणि शिपाई यांच्या घरांतले अंतर आमच्याही छावण्यांत मी पाहिले आहे. परंतु चॉप्सचे वाक्य जसेच्या तसे खरे मानू नका, कारण चॉप्स परतणारे खुद्द आइकच होते. मेमी यांना मतदारांना काय ऐकायला आवडते याची उत्तम जाण होती.


मिरजकर

मी धर्माच्या प्रश्नापुरते लिहितो. आमचे घराणे मिरजेचे आणि ख्रिस्ती आहे. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉन्लेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते आणि कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातील अनेक मंडळ्यांची (स्थानिक चर्चसमूहांची) मुळे त्याच मिशनमध्ये आहेत. मेमी प्रेस्बिटेरियन होत्या, त्यामुळे त्यांच्या मंडळीची रीत आमच्याकडच्या जुन्या माणसांना बरीच ओळखीची वाटावी. बिशप नसतात, मंडळीने निवडलेले 'वडील' (ज्येष्ठ सभासद) पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बरोबरीने कारभार पाहतात, बालकांना बाप्तिस्मा दिला जातो, आणि भावनेच्या प्रदर्शनापेक्षा उपदेश आणि शिस्तीवर भर असतो. या वळणात वाढलेले माणूस आपल्या श्रद्धेविषयी चारचौघांत फार बोलत नाही. मेमी यांच्या तोंडून धर्मावर लांब भाषणे सापडत नाहीत म्हणून त्यांची श्रद्धा उथळ होती असा निष्कर्ष काढणे आमच्या आजीवरही अन्याय करण्यासारखे होईल.

आइक यांची पार्श्वभूमी निराळी होती. त्यांचे आईवडील रिव्हर ब्रेदरन या, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाशी जवळीक असलेल्या, पंथातील होते. युद्धाला विरोध करणाऱ्या त्या परंपरेतील मुलगा सेनापती झाला, ही त्या घराची मोठीच गुंतागुंत होती. त्या पंथात बाप्तिस्मा समजत्या वयात घेतात आणि आइक यांनी तो घेतलाच नव्हता. घरी बायबल तोंडपाठ होते, पण सैन्यात गेल्यापासून ते कोणत्याही मंडळीचे सभासद नव्हते. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ २० जानेवारी १९५३ रोजी झाली आणि १ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक एडवर्ड एल्सन यांच्या हस्ते, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांचा बाप्तिस्मा झाला. पदावर असताना बाप्तिस्मा घेतलेले ते एकमेव अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आहेत. मंडळी निवडली गेली ती पत्नीची, हे इथे महत्त्वाचे. चाळीसेक वर्षे छावणीतील प्रार्थनागृहापुरता चर्चशी संबंध असलेला माणूस शेवटी पत्नीच्या बाकावर येऊन बसला.

तुमच्या शंकेला जागा आहे हे मी मान्य करतो. शीतयुद्धाचे दिवस होते आणि 'देव न मानणाऱ्या' साम्यवादाच्या विरोधात देवाचे नाव घेणे हा राजकारणाचाही भाग झाला होता. ७ फेब्रुवारी १९५४ रोजी वॉशिंग्टनच्याच दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक जॉर्ज डॉकर्टी यांनी अमेरिकेच्या ध्वजप्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख हवा असा उपदेश केला. आइक श्रोत्यांत होते, आणि त्याच वर्षीच्या १४ जूनला तो उल्लेख कायद्याने प्रतिज्ञेत आला. नाण्यांवर पूर्वीपासून असलेले देवावरील भरवशाचे वाक्य १९५६ मध्ये राष्ट्रीय बोधवाक्य झाले. एवढ्या गदारोळात कोणाची श्रद्धा किती खरी हे बाहेरून मोजता येत नाही.

मला स्वतःला मेमी यांच्याविषयी जे खात्रीचे वाटते ते त्या काळाशी संबंधित नाहीच. इकीला १९२१ मध्ये डेन्व्हरला पुरले होते. पंचेचाळीस वर्षांनी, १९६६ मध्ये, आइक आणि मेमी यांनी त्याची शवपेटी कॅन्ससमधील अ‍ॅबिलीन येथे आणवली. तिथे आइक यांच्या बालपणीच्या घराजवळ एक लहान प्रार्थनागृह बांधले होते आणि आपण दोघांनी शेवटी तिथेच विसावायचे असे त्यांनी ठरवले होते. २८ मार्च १९६९ रोजी आइक गेले. त्यांना साध्या सैनिकाला मिळते तशा पेटीत, गणवेशात ठेवून मुलाशेजारी पुरण्यात आले, आणि दहा वर्षांनी मेमी तिथे गेल्या. ख्रिस्ती माणूस पुनरुत्थानाची आशा धरतो म्हणजे काय धरतो हे तुमच्या श्रोत्यांना समजावायचे असेल, तर चाळीस महिन्यांहून लहान असताना गेलेल्या त्या मुलाला आईबापांनी इतक्या वर्षांनी आपल्या कबरीजवळ आणवले ही हकिगत पुरेशी आहे. त्यासाठी त्यांना कोणत्याही मतदाराची गरज नव्हती.


अनघा, लँकेस्टर

मी पेनसिल्व्हेनियात राहते. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना गेटिसबर्गचे यादवी युद्धाचे रणांगण दाखवायला नेले की त्याला लागूनच असलेले आयझेनहॉवर यांचे शेतही पाहणे होते. आजी म्हणून मेमी कशा होत्या याची कल्पना त्या घरात जितकी येते तितकी चरित्रातून येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हे १८९ एकरांचे शेत त्यांनी १९५० मध्ये घेतले. लग्नाला चौतीस वर्षे झाली होती आणि स्वतःच्या मालकीचे हे त्यांचे पहिलेच घर. गेटिसबर्ग त्यांना नवे नव्हते. १९१८ मध्ये आइक तिथल्या कॅम्प कोल्टमध्ये रणगाडा दलाला प्रशिक्षण देत असताना मेमी तान्ह्या इकीला घेऊन तिथे राहिल्या होत्या. जुन्या घराची डागडुजी करू म्हणून काम काढले तर विटांच्या भिंतीआड फार जुन्या लाकडी ओंडक्यांचे घर निघाले आणि ते कुजलेले होते. पाडून नवे बांधणे भाग पडले, तरी जुन्यातले जेवढे वाचेल तेवढे ठेवायचे असा मेमी यांचा आग्रह होता. १९५५ मध्ये घर पुरे झाले. दिवाणखान्यात जगभरातून आलेल्या भेटवस्तू मांडलेल्या आहेत आणि तिथे बसावेसे कोणालाही वाटत नाही. आइक यांनाही वाटत नसे. दोघांचा खरा वावर मागच्या काचेच्या पडवीत असे. तिथे ट्रे मांडीवर किंवा समोरच्या छोट्या टेबलावर घेऊन ते टीव्ही बघत जेवत, पत्ते खेळत, आणि नातवंडे आली की तिथेच पसरत.

नातवंडे चार : डेव्हिड, बार्बरा अ‍ॅन, सूझन आणि मेरी जीन. ती आजीला 'मिमी' म्हणत. मुलगा जॉन याने शेताच्या कडेलाच घर केले होते, त्यामुळे सुट्टीतली भेट असे तिचे स्वरूप नव्हते. व्हाइट हाउसच्या तिसऱ्या मजल्यावर खेळण्यांची खोली होती. मेरीलँडच्या डोंगरातील राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थळाला रूझवेल्ट यांनी ठेवलेले नाव बदलून आइक यांनी नातवावरून आणि स्वतःच्या वडिलांवरून 'कॅम्प डेव्हिड' केले, ते आजही तसेच आहे. पण मिमी आजी म्हणजे नुसते लाड असे समजू नका. टापटीप, वेळ, जेवणाच्या टेबलावरची वागणूक याबाबत ती कडक होती. व्हाइट हाउसमधील कर्मचाऱ्यांनीही तेच अनुभवले. सकाळी उशिरापर्यंत त्या पलंगावरच असत, गुलाबी कपड्यांत, आणि तिथूनच स्वयंपाकघराचा हिशेब, पाहुण्यांच्या याद्या, फुलांची मांडणी यांचे हुकूम सुटत. वर्तमानपत्रातील सवलतीची कुपने कापून ठेवणे आणि काल उरलेल्या पदार्थाचे आज काय केले हे विचारणे त्यांनी तिथेही सोडले नाही. अनेक वर्षे मेजरच्या पगारात घर चालवल्यावर हे अंगात मुरते. छावणीकरताई, तुम्हाला पटेल.

मुलांविषयीच्या त्यांच्या ओढीची एक सार्वजनिक बाजूही आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मुलांचा अंडी घरंगळवण्याचा खेळ होतो. तो आइक यांच्या काळात युद्धानंतर प्रथमच पुन्हा सुरू झाला आणि त्यात कृष्णवर्णीय मुलांनाही मोकळेपणाने प्रवेश मिळाला, याचे श्रेय मेमी यांना दिले जाते. त्यांनी यावर काही मोठे निवेदन केले नाही.

प्रकृतीचा मुद्दा गाळू नका. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने त्यांचे हृदय अशक्त झाले होते, आणि कानाच्या आतील भागाच्या मेनियेर या विकारामुळे त्यांचा तोल जात असे. लोकांनी त्याचा अर्थ मद्यपान असा लावला आणि ती कुजबूज अनेक वर्षे चालली. हृदयामुळे त्यांना विमानप्रवासही नको वाटे. १९५९ च्या डिसेंबरमध्ये आइक भारतात आले, दिल्लीत त्यांचे प्रचंड स्वागत झाले आणि त्यांनी ताजमहाल पाहिला, त्या दौऱ्यावर मेमी आल्या नव्हत्या. त्यांच्या जागी सून बार्बरा होती. आपल्याकडच्या जुन्या छायाचित्रांत मेमी का दिसत नाहीत असे कोणी विचारले तर हे उत्तर आहे.

आणखी एक प्रसंग. १९५५ मध्ये डेन्व्हरला मेमी यांच्या माहेरच्या घरी मुक्कामाला असताना आइक यांना हृदयविकाराचा झटका आला. तारीख २४ सप्टेंबर होती, म्हणजे इकीचा वाढदिवस. फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयात मेमी त्यांच्या जवळच्या खोलीत राहायला गेल्या आणि देशभरातून आलेल्या हजारो पत्रांना उत्तरे लिहीत बसल्या. १९६८ मध्ये आइक वॉल्टर रीड रुग्णालयात शेवटचे दाखल झाले तेव्हाही त्या शेजारच्या खोलीत होत्या. त्याच डिसेंबरात नातू डेव्हिडचे लग्न राष्ट्राध्यक्षपदी नुकत्याच निवडून आलेल्या निक्सन यांच्या कन्येशी न्यूयॉर्कमध्ये झाले, ते या दोघांनी रुग्णालयातून खास जोडलेल्या टीव्हीवर पाहिले. शेत १९६७ मध्येच राष्ट्राला दान केलेले होते, तरी पतीमागे दहा वर्षे मेमी तिथेच राहिल्या. घर लोकांना पाहण्यासाठी खुले झाले ते त्या गेल्यावर, १९८० मध्ये.


मृणालिनी

सर्वांचे मनापासून आभार. पनामापासून सुरुवात करावी आणि लग्नाची हकिगत मागाहून आणावी असे आता ठरवते आहे. शंकेखोर यांचा पैशाचा आणि हुद्द्याचा मुद्दा मी आवर्जून घेणार आहे, कारण आमच्या श्रोत्यांत सुभेदारांच्या आणि शिपायांच्या पत्नीही असतील आणि तो प्रश्न त्याच विचारतील.

एक नाजूक बाब राहिली. युद्धकाळात आइक यांच्या मोटारचालक आणि पुढे सचिव असलेल्या के समर्सबी यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. हा विषय काढावा की टाळावा? टाळला तर कोणीतरी विचारणारच, आणि काढला तर सगळी चर्चा तिकडेच वाहत जाण्याची भीती वाटते.


छावणीकर

काढा, पण मेमी यांच्या बाजूने काढा. आइक जून १९४२ मध्ये लंडनला गेले आणि १९४५ च्या उन्हाळ्यापर्यंत या दोघांची भेट एकदाच, जानेवारी १९४४ मध्ये, गुपचूप झाली. या तीन वर्षांत मेमी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलच्या सदनिकेत राहिल्या. नवऱ्याचे नाव रोज वर्तमानपत्रात, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणीचे छायाचित्रही तिथेच, आणि शहरभर कुजबूज. समर्सबी यांनी पुढे जे सांगितले ते खरे किती यावर चरित्रकारांचे एकमत नाही, आणि त्याचा निवाडा तुमच्या व्यासपीठावर होणार नाही.

श्रोत्यांना पत्रांविषयी सांगा. त्या तीन वर्षांत आइक यांनी मेमी यांना तीनशेहून अधिक पत्रे स्वतःच्या हाताने लिहिली. ती मुलगा जॉन याने संपादित करून १९७८ मध्ये, मेमी हयात असताना, प्रसिद्ध केली. समर्सबी यांच्या आठवणी त्याआधी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे ही पत्रे बाहेर काढण्यामागचा हेतू उघड आहे. पत्रांत आइक पुन्हा पुन्हा समजूत घालताना दिसतात, त्यावरून मेमी यांनी स्पष्ट शब्दांत विचारले होते हे कळते. त्या निमूटपणे सोसत बसल्या नव्हत्या.

आणि ६ जून १९४४ चा दिवस नक्की घ्या. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरत होते त्याच दिवशी जॉन वेस्ट पॉइंटमधून अधिकारी होऊन बाहेर पडत होता आणि पदवीदान समारंभाला आई एकटी आली होती. नवरा युद्धावर, आणि एकुलता उरलेला मुलगा त्याच दिवशी सैन्यात भरती. १९५२ मध्ये हाच मुलगा कोरियाच्या आघाडीवर गेला, वडील तेव्हा निवडणूक लढवत होते. तुमच्या श्रोत्यांतील ज्यांनी पती आणि मुलगा दोघांनाही गणवेशात पाहिले आहे, त्यांच्यासाठी इथे थोडा वेळ राखून ठेवा. त्यांना बोलू द्या.